पोटातलं तिकीट

माझ्या पहिल्या वहीचं पहिलं पान एका बीव्हरचं आहे. मिरजेच्या एका रुग्णालयात मी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. १९८८ साली तिथल्या जुन्या पत्रव्यवहाराचे गठ्ठे रद्दीत निघाले, आणि कॅनडाहून कधीकाळी आलेल्या एका पिवळ्या पडलेल्या पाकिटावर मला पंधरा सेंटचं तिकीट दिसलं. जवळ भिंग नव्हतं, म्हणून पाकीट तसंच सूक्ष्मदर्शकाच्या सगळ्यात कमी ताकदीच्या लेन्सखाली सरकवलं. तिकिटाच्या आत आणखी एक तिकीट होतं. त्यात पाण्याकाठी बसलेला बीव्हर, डोक्यावर राजमुकुट, आणि किंमत तीन पेन्स. कॅनडाचं हे पहिलं तिकीट १८५१ चं, आराखडा सँडफर्ड फ्लेमिंग या इंजिनियरचा. त्याला शंभर वर्षं झाली म्हणून १९५१ मध्ये कॅनडाने ते नव्या तिकिटावर छापलं. त्या दिवशी रक्ताच्या स्लाइड बाजूला ठेवून मी किती वेळ ते बघत बसले, ते आता आठवत नाही.

संग्राहक या प्रकाराला ‘स्टॅम्प ऑन स्टॅम्प’ म्हणतात. मी आपली ‘वरचं’ आणि ‘पोटातलं’ म्हणते. वरचं म्हणजे जे आपल्या हातात आहे ते, आणि पोटातलं म्हणजे त्याच्या चित्रात जे दिसतंय ते. पुढे हेच दोन शब्द वापरणार आहे.

पहिली गोष्ट आधीच सांगते, कारण ती मला कोणी सांगितली नाही आणि माझी चार वर्षं त्यात गेली. हा संग्रह देशानुसार लावू नका. मी तसा लावला होता. कॅनडा एका पानावर, ब्राझील दुसऱ्या, मॉरिशस तिसऱ्या. वही नीटनेटकी दिसायची, पण तिच्यात काही घडत नव्हतं. मग एकदा दिवाळीच्या सुट्टीत सगळी तिकिटं काढली आणि पोटातल्या तिकिटाप्रमाणे लावली. म्हणजे पेनी ब्लॅक या जगातल्या पहिल्या टपाल तिकिटाचं एक पान, आणि ते ज्या ज्या देशाने छापलंय ती सगळी तिकिटं त्या पानावर शेजारी शेजारी. त्याबरोबर वही बोलायला लागली. एकच मूळ तिकीट, पण प्रत्येक चित्रकाराने ते वेगळं पाहिलेलं. एकाने कडा सरळ ठेवल्या, दुसऱ्याने नको तिथे दाते काढले, तिसऱ्याने त्यावरच्या राणी व्हिक्टोरियाचा चेहरा गोल करून टाकला. या संग्रहातला खरा आनंद असं ताडून बघण्यात आहे, आणि तुमची वही त्याला सोयीची हवी.

सुरुवात पेनी ब्लॅकपासून करा. ते पोटात असलेली तिकिटं सगळ्यात जास्त निघाली आहेत, म्हणून ती स्वस्त आहेत. रोलंड हिलने इंग्लंडची टपालव्यवस्था बदलली आणि १८४० च्या मे महिन्यात जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट निघालं. हिल २७ ऑगस्ट १८७९ ला वारले. त्याची शताब्दी १९७९ मध्ये आली, तेव्हा कितीतरी देशांनी एकाच वेळी मालिका काढल्या, आणि त्यात हिलच्या चित्राशेजारी पेनी ब्लॅक किंवा त्या त्या देशाचं जुनं तिकीट टाकलं. विक्रेत्याला ‘१९७९ रोलंड हिल’ एवढंच सांगितलंत तरी तो पाकीट काढून देतो. त्या एका पाकिटात तुमची पंधरा-वीस पानं सुरू होतात. १९९० ला पेनी ब्लॅकला दीडशे वर्षं झाली, तेव्हाचीही अशीच भरपूर मिळतात.

आता भिंग घ्या. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. पेनी ब्लॅकच्या खालच्या दोन कोपऱ्यांत इंग्रजी अक्षरं असतात, ती आधी बघा. मूळ तिकिटं २४० च्या तावात, म्हणजे एका मोठ्या कागदावर, छापली जायची, वीस ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा तिकिटं. तेव्हा २४० पेनींचा एक पौंड होई, म्हणजे पूर्ण तावाची किंमत बरोबर एक पौंड. तावातल्या प्रत्येक तिकिटाला स्वतःची अक्षरजोडी होती. डाव्या कोपऱ्यातलं अक्षर ओळ सांगतं, ‘ए’ पासून ‘टी’ पर्यंत. उजवं अक्षर ओळीतली जागा सांगतं, ‘ए’ पासून ‘एल’ पर्यंत. पहिलं तिकीट ए-ए, शेवटचं टी-एल. म्हणजे कुठल्याही देशाच्या तिकिटात पेनी ब्लॅक दिसलं, की ते तावातलं नेमकं कुठलं, हे आपल्याला वाचता येतं. उजव्या कोपऱ्यात ‘एल’च्या पुढचं अक्षर असेल तर असं तिकीट तावात नव्हतंच, ते चित्रकाराने मनाने काढलंय.

मी आलेखाच्या कागदावर वीस बाय बाराची चौकट आखून वहीच्या मलपृष्ठाला चिकटवली आहे. नवं पेनी ब्लॅक सापडलं, त्याची अक्षरं वाचता आली, की ते घर पेन्सिलीने भरते. पेशी मोजताना असंच चौकटीत मोजायचो, त्यामुळे हात आपोआप तिकडे गेला. आत्तापर्यंत सतरा घरं भरली आहेत. काही तिकिटांवर अक्षरं इतकी बारीक छापलेली असतात की शाईच्या ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. तिथे अंदाज करू नका. ‘वाचता येत नाही’ असं लिहा.

दुसरं बघायचं ते कडा. पेनी ब्लॅकला दाते नव्हते, ते कात्रीने कापून वेगळं करायचे. त्यामुळे पोटातल्या पेनी ब्लॅकला दातेरी कड दिसली तर चित्रकार चुकलाय. अशी तिकिटं मी मुद्दाम शोधते. तिसरं म्हणजे शब्द. मूळ तिकिटावर देशाचं नाव नाही. वर पोस्टेज, खाली वन पेनी, बस.

मॉरिशसच्या पानालाही अशीच एक जागा आहे. १८४७ ची मॉरिशसची पहिली दोन तिकिटं, एक पेनीचं आणि दोन पेन्सचं, यांच्या डाव्या बाजूला उभ्या अक्षरांत ‘पोस्ट ऑफिस’ असं कोरलेलं आहे. पुढच्या वर्षीच्या तिकिटांवर त्याच जागी ‘पोस्ट पेड’ आलं. तेव्हा कुठल्याही तिकिटाच्या पोटात मॉरिशसच्या तिकिटावरची राणी दिसली की आधी डावी कड वाचा आणि मग पान ठरवा. मॉरिशसने स्वतः १९४८ मध्ये याच दोन तिकिटांवर मालिका काढली, तीच या पानाचा पाया. या पानावर मी एक ओळ लाल शाईने लिहिली आहे. त्यातल्या एक पेनीच्या तिकिटाच्या दोन मूळ प्रती लावलेलं एक पाकीट १८५० मध्ये मॉरिशसहून मुंबईला, तिथल्या बायबल सोसायटीच्या सचिवाला आलं होतं. पुढे ते इथल्याच बाजारात कोणाच्या तरी हाती लागलं, आणि आज जगात ते ‘बॉम्बे कव्हर’ म्हणून ओळखलं जातं. टपालाच्या इतिहासातल्या सगळ्यात मौल्यवान पाकिटांपैकी एकावर आपल्या मुंबईचा पत्ता आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

मूळ तिकीट परवडणार नाही, मग ताडून बघायचं कशाशी? बहुतेक वेळा कॅटलॉगमधल्या छायाचित्राशी. पण एक जोडी अशी आहे की दोन्ही तिकिटं खरी, आणि दोन्ही आपल्या आवाक्यातली. स्वतंत्र भारताची पहिली तीन तिकिटं १९४७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात निघाली. साडेतीन आण्याचं तिरंग्याचं, दीड आण्याचं अशोकस्तंभाच्या सिंहांचं, आणि बारा आण्यांचं विमानाचं. तिन्हींवर ‘जय हिंद’ आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख. पुढे १९७३ मध्ये दिल्लीत इंडिपेक्स हे टपाल तिकिटांचं प्रदर्शन भरलं, तेव्हाच्या एक रुपयाच्या तिकिटावर सजवलेला हत्ती आहे आणि त्याच्यासोबत ते दीड आण्याचं तिकीट. दोन्ही वापरलेली तिकिटं साध्या विक्रेत्याकडेही मिळतात. ती शेजारी शेजारी लावा आणि भिंगाखाली सिंहांच्या आयाळी बघा, ‘जय हिंद’ची अक्षरं बघा, मूळचा करडा-हिरवा रंग वरच्या तिकिटात किती उतरलाय ते बघा. सगळ्यांनी हीच पहिली जोडी करावी असं माझं ठाम मत आहे. एवढं एकदा नीट पाहिलं की पुढच्या कुठल्याही तिकिटात काय शोधायचं ते डोळ्याला कळतं.

भारताच्या २०१० च्या संस्थानांच्या मालिकेलाही सोडू नका. इंदूर, कोचीन, बामरा आणि सिरमूर या चार संस्थानांची स्वतःची टपाल तिकिटं त्या मालिकेत पोटात घेतलेली आहेत. इंदूरचं पहिलं तिकीट १८८६ चं, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचं चित्र असलेलं. होळकरांचं टपाल म्हणजे आपल्या मराठी इतिहासाचाच एक कोपरा, आणि शाळेच्या पुस्तकात तो कुठेच भेटत नाही. मला तो या वहीत भेटला.

शेजारच्या देशांत तर खजिनाच आहे. आशियातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट म्हणजे सिंध डाक, १ जुलै १८५२. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, आणि तिकीट काढलं तिथला आयुक्त बार्टल फ्रियर याने. हाच फ्रियर त्याआधी साताऱ्याला रेसिडेंट होता, आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. अर्ध्या आण्याचं गोल तिकीट, मधे ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह, भोवती पट्ट्यात ‘सिंध डिस्ट्रिक्ट डाक’ अशी इंग्रजी अक्षरं. लाल, पांढरं आणि निळं असे तीन प्रकार. लाल तिकीट लाखेसारख्या ठिसूळ चकतीवर उठवलेलं, त्यामुळे बहुतेक फुटून गेली. पांढऱ्यावर तर शाईच नाही, नुसता कागदावर उठाव. आता विचार करा, ज्याला रंगच नाही ते तिकीट दुसऱ्या तिकिटावर कसं छापायचं? पाकिस्तानने १९५२ च्या ऑगस्टमध्ये तीन आणे आणि बारा आण्यांची दोन तिकिटं काढून सिंध डाकची शताब्दी साजरी केली, जुनी वाहनं आणि नवी वाहनं यांच्या सोबत ते गोल तिकीट दाखवून. सिंध डाक कोणत्याही देशाच्या तिकिटावर दिसलं की उठाव दाखवायला चित्रकाराने सावली कुठून पाडली आहे, ते बघा. उजेड डावीकडून आहे की उजवीकडून, एवढ्याच एका प्रश्नावर माझं हे पान उभं आहे.

सिलोनच्या पहिल्या तिकिटाची शताब्दी १९५७ मध्ये, नेपाळची १९८१ मध्ये. दोन्ही मालिका सहज मिळतात. दूरच्यांपैकी ब्राझीलची ‘बुल्स आय’ नावाची पहिली तिकिटं १८४३ ची, त्यांची शताब्दी १९४३. त्याच वर्षी स्वित्झर्लंडने झुरिकच्या पहिल्या तिकिटांची शताब्दी केली. केप ऑफ गुड होपची त्रिकोणी तिकिटं १८५३ ची, दक्षिण आफ्रिकेने ती १९५३ मध्ये पोटात घेतली. आणि ब्रिटिश गियानाचं १८५६ चं एक सेंटचं किरमिजी तिकीट, ज्याची एकच प्रत जगात आहे आणि जी २०१४ मध्ये न्यूयॉर्कला ९५ लाख डॉलरच्या आसपास विकली गेली, ती गयानाने (ब्रिटिश गियानाचं आजचं नाव) १९६७ मध्ये आपल्या दोन साध्या तिकिटांवर छापली. मूळ कधीच मिळणार नाही, पण ही दोन तिकिटं चहा-भज्यांच्या पैशांत मिळतात.

काय घ्यायचं आणि काय नाही, हे सुरुवातीलाच ठरवा, नाहीतर वही फुगते. माझा नियम असा: पोटातलं तिकीट म्हणजे तिकीट दिसलं पाहिजे. त्याची कड किंवा चौकट, आणि किंमत किंवा त्यावरचा मजकूर, एवढं तरी हवं. नुसतं डोकं चालत नाही. ब्रिटनने १९४० ला आणि पुन्हा १९९० ला पेनी ब्लॅकच्या निमित्ताने राणी व्हिक्टोरिया आणि तेव्हाचे राजा-राणी यांची जोड-मुखं असलेली तिकिटं काढली. सुंदर आहेत, पण त्यांत मुखं आहेत, तिकीट नाही. म्हणून ती माझ्या वहीत नाहीत.

अवघड असतात ती ‘जुळी’. अमेरिकेने १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या तिकीट प्रदर्शनासाठी एक मिनिएचर शीट, म्हणजे मोजक्या तिकिटांचा छोटा ताव, काढलं. त्यात १८४७ ची दोन्ही पहिली तिकिटं, पाच सेंटचा फ्रँकलिन आणि दहा सेंटचा वॉशिंग्टन, पुन्हा छापली, पण रंग बदलून. मूळ फ्रँकलिन लालसर तपकिरी, शीटवरचा निळा. मूळ वॉशिंग्टन काळा, शीटवरचा तपकिरी-नारिंगी. तसंच १९१८ चं उलट्या विमानाचं चोवीस सेंटचं प्रसिद्ध तिकीट २०१३ मध्ये दोन डॉलर किमतीने पुन्हा निघालं, सहाच्या शीटमध्ये. शंभर शीटमध्ये तर टपाल खात्याने मुद्दाम विमान सुलटं छापलं आणि कोणाला मिळेल त्याला मिळू दिलं. ही तिकिटं पोटात घेतलेली म्हणायची की मुळाचीच नवी आवृत्ती? मी त्यांना वेगळ्या भागात ठेवते आणि प्रत्येकाखाली मुळाशी असलेला फरक लिहिते. तुम्ही आत घ्या, बाहेर ठेवा, पण जो निर्णय कराल तो सगळ्यांना सारखा लावा.

पानावर लिहायचं कसं? पेन्सिलीने, थोडं. वरच्याचा देश, साल, किंमत, निमित्त. पोटातल्याचा देश, साल, किंमत. आणि तिसरी ओळ ‘फरक’. ही तिसरी ओळ स्वतःच्या डोळ्याने बघूनच लिहायची, कॅटलॉगमधून उतरवायची नाही.

आता हाताळणी. चिमटा वापरा, बोटं नकोत. कागदावर चिकटलेलं वापरलेलं तिकीट कोमट पाण्यात, गरम नव्हे, पंधरा-वीस मिनिटं सोडा, आपोआप सुटू द्या, टिपकागदावर पालथं वाळवा आणि मग जाड पुस्तकाखाली रात्रभर ठेवा. रंगीत पाकिटाचा तुकडा असेल तर तो वेगळ्या वाटीत, कारण कागदाचा रंग पाण्यात उतरतो. हल्लीची स्टिकरसारखी तिकिटं पाण्यात सुटत नाहीत, ती कडेने कागदासकट कापून ठेवा. कोऱ्या तिकिटाचा डिंक कधीही ओला करू नका, आणि त्याला हिंजही (तिकीट वहीत चिकटवायची डिंकाची छोटी कागदी पट्टी) लावू नका, पारदर्शक माउंट (तिकीट सरकवायचं छोटं पाकीट) घ्या. स्टेशनरीच्या दुकानातली वास येणारी मऊ प्लॅस्टिकची पाकिटं टाळा, पीव्हीसी शाई ओढून घेतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात आलं, तेव्हा माझ्या दोन वह्या कपाटाच्या खालच्या फळीवर होत्या. पाणी वहीपर्यंत पोचलं नाही, पण दहा दिवसांच्या दमटपणाने कोरी तिकिटं एकमेकांना चिकटली. नेपाळची अख्खी मालिका एक वडी होऊन गेली. ती वडी मी पाण्यात सोडली, डिंक गेला, तिकिटं वाचली. तेव्हापासून प्रत्येक पानामध्ये ग्लासीनचा गुळगुळीत कागद, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, वह्या वरच्या फळीवर आणि उभ्या. आडव्या एकावर एक रचल्या तर खालच्या वहीवर वजन येतं आणि दमट हवेत डिंक लगेच धरतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी पानं उघडून पंख्याच्या हवेत धरा.

खरेदीत एकदा फसले तेही सांगते. एका विक्रेत्याने टपालाने ‘पन्नास दुर्मिळ’ असं पाकीट पाठवलं. निम्म्यांवर शिक्का होता, पण अगदी कोपऱ्यात नेमका बसलेला, आणि मागे डिंक जसाच्या तसा. पत्रावर न लावता छापखान्यातच शिक्का मारून विकलेली तिकिटं ती. साठच्या दशकात आणि सत्तरच्या सुरुवातीला अजमान, फुजैरा अशा आखाती अमिरातींच्या नावाने अशी ढिगाने निघाली. ती ठेवायला हरकत नाही, पण दुर्मिळ म्हणून पैसे देऊ नका. त्याहून वाईट म्हणजे कुठल्याच टपाल खात्याने न काढलेली, एखाद्या देशाचं नाव लावून खासगी छापलेली कागदं. नवं तिकीट संशयास्पद वाटलं तर जागतिक टपाल संघाच्या डब्ल्यूएनएस यादीत बघा. सहभागी देशांची २००२ पासूनची तिकिटं तिथे क्रमांकासह नोंदलेली असतात.

भारताची नवी तिकिटं मुंबईच्या जीपीओतल्या किंवा पुण्याच्या फिलाटेली ब्युरोतून, म्हणजे टपाल खात्याच्या संग्राहकांसाठीच्या विभागातून, घ्या. तिथे डिपॉझिट खातं उघडलं की प्रत्येक नवं तिकीट घरी येतं, आणि पोटात काही आहे का ते बघायला पोस्टमनची वाट पाहण्याची सवय लागते.

सध्या मी एका गोव्याच्या तिकिटाच्या मागे आहे. पोर्तुगालचं पहिलं तिकीट १८५३ चं, राणी दुसरी मारिया. त्याच्या शताब्दीला पोर्तुगालने आपल्या सगळ्या वसाहतींसाठी एकाच धर्तीची तिकिटं काढली, आत ते जुनं तिकीट आणि भोवती वसाहतींची राजचिन्हं. ‘इंडिया’ असं नाव असलेलं त्यातलं एक गोवा, दमण, दीवच्या टपालासाठी होतं. मोझांबिकचं मला मिळालंय, मकावचंही मिळालंय. पानावर मधली जागा मोकळी सोडली आहे, खाली पेन्सिलीने ‘गोवा’ लिहून ठेवलंय, आणि पुढच्या महिन्यात पणजीला भाचीकडे जाणार आहे तेव्हा चिमटा आणि भिंग बरोबर घेणार आहे.